अणुभट्टीच्या गावात शालनचं स्थळ

लालबागच्या आमच्या चाळीत मुलगी द्यायची म्हणजे आधी मुलाचं घर बघून यायचं, ही रीत. धाकट्या बहिणीला, शालनला, ट्रॉम्बेचं स्थळ सांगून आलं तसे बाबा, आत्या आणि मी निघालो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. संचारबंदी केव्हा लागेल याचा नेम नसे, म्हणून आत्यानं भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी बांधून घेतली.

आता तुम्ही तासाभरात पोहोचाल, आमचा अर्धा दिवस गेला. किंग्ज सर्कलपर्यंत ट्राम, पुढे दोन बसगाड्या. दादरला रस्त्यावर आदल्या दिवशीचे दगड तसेच पडलेले. चेंबूर सोडल्यावर मात्र खाजण आणि खाडीचा वारा. आत्या खुशीत होती.

घर नीटनेटकं, मुलगा शांत, नोकरी पक्की. नव्या अणुभट्टीवर फिटर होता. तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण जेवून झाल्यावर त्याच्या मामांनी हौसेनं आम्हाला टेकाडावर नेलं आणि लांबून ती इमारत दाखवली.

"लढाय लागली आणि हेच्यार बॉम्ब पडलो, तर पळाचा खंय?" आत्यानं विचारलं.

मामा हसले. "अहो, भिंती केवढ्या जाड आहेत. आणि असलं विचारायचं नसतं, सरकारी काम आहे."

आत्या हसली नाही. महायुद्धात गोदीत दारूगोळ्याचं जहाज पेटलं, तेव्हा तिचे यजमान सगळ्यांसारखेच आग बघायला धावले होते. दुसरा स्फोट झाला तो बघ्यांची गर्दी जमल्यावर. ते परत आले नाहीत.

"गोदीत निदान धूर तरी दिसलो," ती म्हणाली. "हेचो धूरय दिसाचो नाय म्हणतत."

मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. फाळणीच्या जखमा ओल्या, सरहद्दीवर बंदुका रोखलेल्या, आणि शत्रूला नेम धरायला सोपी अशी वस्तू आणून ठेवली ती लाखो माणसांच्या उशाशी. विज्ञान हवं, वीजही हवी. पण धोका आमच्या पदरात टाकताना आम्हाला विचारायचं तरी. सरकारला आमच्यावर गोळ्या झाडायला सवड होती, चार वाक्यं समजावून सांगायला नव्हती.

घरी आल्या आल्या आत्यानं निकाल दिला, "थंय मुलगी देवची नाय."

शालन तांदूळ निवडत होती. "मुलगा कसा आहे?"

"चांगला आहे," बाबा म्हणाले.

"मग तिथे काही झालं, तर आपण लालबागमध्ये वाचणार आहोत का, आत्या?"

बाबांनी होकार कळवला. लग्न झालं.

पुढे युद्धं आलीच. दिवे मालवा, काचांना काळे कागद लावा, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. भोंगा वाजला की चाळ जिन्याखाली जमायची. आत्या मात्र गॅलरीतून हलायची नाही, ट्रॉम्बेकडे तोंड करून उभी. बघत उभं राहू नये, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण शालन तिकडे होती, आणि बघण्यापलीकडे आमच्या हातात काही ठेवलेलंच नव्हतं.