गिलासातली बी

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की युसुफभाई आधी फ्रीझरच्या दाराला कान लावत. डोळे मिटून, श्वास रोखून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे! मग आतून काचेचा गिलास काढत. गिलासात बर्फ आणि बर्फावर खजुराची बी. बी वर दिसली की म्हणत, "अल्हम्दुलिल्ला, सगळे जागेवर आहेत."

रत्नागिरीजवळ त्यांच्या वडिलांचा मासळीला बर्फ पुरवायचा धंदा होता. ही युक्ती तिथली. वीज जाऊन बर्फ वितळला की बी तळाशी बसते आणि वीज आली की तिथेच गोठते. "फ्रीझरवरचा आकडा आत्ताचं सांगतो, साहेब. बी मागचं सांगते."

मी सेहेचाळिसाव्या वर्षी, दुबई मरीनातली नोकरी सांभाळून, पीएचडीला बसलो होतो. "बाबा, आर यू सीरियस?" असं विचारून मुलीने उत्तराचीही वाट पाहिली नाही. विद्यापीठात मदतीला तोटा नव्हता. प्रबंध कसा लिहावा हे शिकवणारं केंद्र होतं, आकडेवारीला वेगळं केंद्र होतं, धीर सुटला तर समुपदेशक होत्या. तिन्हीकडे मी घाबराघुबरा चेहरा घेऊन जाऊन आलो होतो. लॅब अटेंडंट युसुफभाईंचं नाव मात्र मदतीच्या कुठल्याच यादीत नव्हतं. मला बघितलं की ते ओरडत, "यल्ला, चला चला, अर्धे डॉक्टर!"

माझा विषय उम्म अल कुवैनच्या खारफुटीतला चिखल आणि त्यातले जिवाणू. त्या चिखलाच्या चाळीस डब्या फ्रीझरमध्ये होत्या. एकदा वितळल्या की मोजणी खोटी. ईदच्या सुट्टीनंतर मी सगळ्यांच्या आधी धावतपळत पोहोचलो. फ्रीझरवर उणे वीसचा आकडा झळकत होता. गिलास काढला, तर बी तळाशी!

प्रबंध द्यायला दोन महिने उरलेले. दाराकडे बघितलं, कुणी नव्हतं. युसुफभाईंच्या टेबलावर खजुराचा डबा होता. एक खजूर तोंडात कोंबला, बी धुतली, बर्फावर ठेवली आणि गिलास परत आत. इतकं सफाईदार काम मी प्रबंधातही केलं नव्हतं.

युसुफभाई आले. दाराला कान लावला, गिलास काढला, उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"अर्धे डॉक्टर, गिलास काचेचा आहे."

त्यांनी गिलास माझ्या डोळ्यांपुढे आणला.

"खालची माझी. वरची कोणाची?"

खजूर अजून माझ्या गालात होता.

ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मॅडमना तुम्ही सांगता, की मी सांगू?"

मी सांगितलं. बीची गोष्टसुद्धा. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तीन महिने वाढवून दिले. नमुने मात्र सगळे नव्याने आणायचे.

युसुफभाईंचा इथला तो शेवटचा महिना. निवृत्ती झाली की व्हिसा खलास. सामान बांधायचं सोडून ते चारही शनिवार माझ्याबरोबर उम्म अल कुवैनला आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे राहत आणि माझ्यावर खेकसत, "घाबरताय काय? चिखल आहे, परीक्षक नाही!" चाळिसावी डबी त्यांनीच बंद केली. गुरुवारी त्यांचं विमान होतं.

वर्षभराने पदवी मिळाली तेव्हा मी पहिला फोन त्यांना केला. माझा हर्षवायू त्यांनी पुरता ऐकून घेतला.

"गिलासात बिया किती?"

"एकच, युसुफभाई. वर आहे."

"मग मुबारक," ते म्हणाले, "डॉक्टर."