दोन सायकली, एक पोट

आमच्या घराण्यात पहिलं पोट मला आलं.

पहिला पदवीधरही मीच. पण पदवीचं कौतुक मुरगूडच्या आमच्या गल्लीत पेढे संपेपर्यंत टिकलं, पोटाचं मात्र वर्षानुवर्षं! आजोबा, चुलते, सगळे काटक, पोट पाठीला टेकलेलं. मला कोल्हापुरात सरकारी कचेरीत पंख्याखालची खुर्ची मिळाली आणि दर दिवाळीला गावी जाताना मी थोडा थोडा रुंद होत गेलो. तात्या (म्हणजे माझे वडील) मला मुद्दाम पारावर न्यायचे आणि चारचौघांत माझ्या पोटावर थाप मारून म्हणायचे, "बघा! बसून पगार घेतंय माझं पोरगं!" मीही श्वास सोडून पोट पुढं करायचो. वडिलांचा मान राखायला नको?

हा मान डॉक्टरांनी ठेवला नाही. एकदा जिना चढताना छातीत दुखलं म्हणून त्यांच्याकडे गेलो.

"आज गॅस आहे," ते म्हणाले. "पुढच्या वेळी गॅसच असेल असं नाही. साखर काठावर, रक्तदाब काठावर. पोट उतरवा, नाहीतर गोळ्या जन्मभर."

सोबत आलेली माझी बायको रेखा घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ती गप्प बसली की मला गॅसपेक्षा जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये गेलो. तिथं चारी बाजूंनी आरसे! एक पोट सांभाळताना माझी दमछाक होते, तिथं जिकडं बघावं तिकडं माझंच पोट रांगेत उभं! शिवाय आमच्या कचेरीतला नवा लागलेला लिपिक शेजारच्या मशीनवरून "सर, तुम्ही पण?" म्हणाला. मी "पत्ता चुकलो" म्हणालो आणि परत फिरलो.

मग ठरवलं, मशीन घरीच आणायचं. पण कुठलं? मी पडलो अभ्यासू. ट्रेडमिल, सायकल, इलिप्टिकल, मोबाइलवर सगळं वाचून काढलं. ट्रेडमिलवर चरबी लवकर जळते, पण गुडघे कुरकुरतात. सायकल गुडघ्यांना सोसते, पण जास्त वेळ मारावी लागते. इलिप्टिकलवर हात आणि पाय दोन्ही हलतात, पण ते कशासाठी हलतायत हे बघणाऱ्याला कळत नाही. हा अभ्यास पंधरवडाभर चालला. (अभ्यासाला चिवडा लागतो. पंधरवड्यात वजन वाढलं!)

शेवटी रेखानं गुपचूप गावी फोन लावला. सकाळच्या पहिल्या गाडीनं तात्या दारात हजर.

"मशीन घेतोयस म्हनं?"

"होय तात्या."

"आनि मला न इचारता? फसवत्याल की!"

तात्यांनी जन्मात असलं मशीन बघितलं नव्हतं. पण आमच्या भागात तात्यांना दाखवल्याशिवाय कुणी बैल घेत नसे, आणि तात्यांच्या मते घरात कामाला आणायची कुठलीही वस्तू हे एक जनावरच असतं.

दुकानाचे मालक मगदूम मूळचे कुरुंदवाडचे, अतिशय शांत गृहस्थ. तात्यांनी ट्रेडमिलला आधी एक प्रदक्षिणा घातली. मग मागं उभं राहून बघितलं. मग कुशीवर थाप मारली.

"काय वय हेचं?"

"नवीन आहे काका. कालच खोक्यातनं काढलंय."

"पयल्या मालकानं का सोडलं?"

"पहिले मालक तुम्हीच होणार."

"खोड काय हाय?"

"खोड?" मगदूम गोंधळले. "काही नाही हो."

"लाथ मारतंय का?"

"छे, छे! गॅरंटी आहे."

"बरं. बाळ्या, चढ."

मगदूम म्हणाले, "बूट नाहीत का, साहेब? मग सावकाश हं." मी चपला घालूनच चढलो. पट्टा हळूहळू सरकू लागला. मला बरं वाटलं. वाटलं, जमतंय की! पण बैल नुसता चालवून कुणी घेतो का? तात्या मागं जाऊन उभे राहिले आणि जिभेनं "च्यक च्यक" करू लागले.

"पावणं, जरा पळवा."

मगदूमांनी बटण दाबलं.

"आनि थोडं."

त्यांनी पुन्हा दाबलं. माझी डावी चप्पल मागं सुटली आणि डंबेल्सच्या रॅकमध्ये जाऊन बसली. उजवी कुठं गेली ते मला दिसलं नाही, कारण तोपर्यंत मीही तिच्यामागून निघालो होतो! पुढच्या क्षणी मी तात्यांच्या पायाशी साष्टांग पडलेला आणि पट्टा माझ्याविना मजेत फिरतोय.

तात्यांनी मला उठवलं, गुडघा चाचपून बघितला आणि मगदूमांकडे वळले. "लाथ मारत न्हाय म्हनालासा न्हवं?"

ट्रेडमिल बाद.

इलिप्टिकलचे दांडे तात्यांनी स्वतः हलवून बघितले. "हे पुढं बी जातंय, मागं बी जातंय. कुठं जायाचं तेच जेला ठावं न्हाय, ते कशाला दावणीला आनायचं?"

तेही बाद. उरली सायकल. कोपऱ्यात, करड्या रंगाची, खाली मान घालून उभी. तात्या तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. सीटवरून हात फिरवला.

"हे गरीब दिसतंय." आणि मगदूमांना म्हणाले, "द्या. दोन द्या."

"दोन?" मगदूम आणि मी एकदमच ओरडलो.

"मग? जोडी नको? एकटा बैल कवा नांगर वढतोय?"

"तात्या," मी समजुतीनं म्हणालो, "वजन माझ्या एकट्याचं उतरवायचंय."

"तुझं एकट्याचं कसं?" तात्यांचा आवाज एकदम खाली आला. (चार रानं पलीकडं ऐकू जाणारा आवाज!) "उनात राबायला नगं म्हून तुला शिकवलं. पंख्याखाली बसलास तवा वाटलं, जितलो. हे पोट मी गावभर मिरवलंय बाळ्या. म्या वाढवलेलं हाय ते. आता उतरवायचं तर तू एकट्यानंच का वढायचं? जोडीला मी हाय की."

मगदूम चष्मा पुसू लागले. मी डंबेल्सकडे तोंड करून उभा राहिलो आणि त्यांच्यावरचे आकडे फार मन लावून वाचू लागलो.

दोन सायकली घरी आल्या आणि सोफा गॅलरीत गेला. पहिल्याच दिवशी तात्यांचं धोतर पायडलात असं गुंतलं की रेखाला कात्री आणावी लागली. मग त्यांनी माझी जुनी ट्रॅकपँट घातली. तीत त्यांच्यासारखे दोन तात्या मावले असते. नाडी आवळून ते माझ्या डाव्या अंगाला बसले आणि काम सुरू झालं. नियम त्यांचे. दोघांनी एकाच पायानं सुरू करायचं, आणि एकानं थांबल्याशिवाय दुसऱ्यानं थांबायचं नाही. तात्या थांबतच नसत! मी ढिला पडलो की शेजारून "हुर्रर्र! वढ की मर्दा!"

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शेंडेकाकू वर आल्या. दारातूनच आत डोकावत म्हणाल्या, "राग मानू नका, पण वर काही जनावर पाळलंय का?"

"व्हय," तात्या घाम पुसत म्हणाले. "पर गरीब हाय. मारत न्हाय."

दोन दिवसांसाठी आलेले तात्या राहिले. आई गेल्यापासून आम्ही त्यांना कोल्हापूरला या, या म्हणत होतो आणि ते दर वेळी "रान कोन बघनार?" म्हणून टाळायचे. आता रेखानं भीत भीत विचारलं, "तात्या, गावाकडचं काय?" तर म्हणाले, "वाट्यानं दिलंय. जोडी मोडून कसा जाऊ?" त्या दिवशी तिनं भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. तात्यांच्या. माझ्या ताटात काकडी.

पावसाळा संपेपर्यंत माझा कमरेचा पट्टा आतल्या भोकावर आला. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितले आणि म्हणाले, "गोळी नको. काय केलंत ते चालू ठेवा." रेखा रिक्षात बसल्यावर पहिल्यांदा मोकळं हसली. तात्या तर इतके खूश, की लगेच मला घेऊन गावी निघाले. पोट दाखवायला न्यायचे, तसंच आता नसलेलं पोट दाखवायला!

पारावर सगळ्यांची नजर आधी माझ्या पोटाच्या जागी गेली.

"काय झालं रं बाळ्याला?" एकानं हळूच विचारलं. "नोकरी गेली का?"

"आरं, मुद्दाम उतरवलंय!" तात्या म्हणाले.

"मुद्दाम कोन उतरवतंय?"

तात्यांनी सायकल, डॉक्टर, साखर, सगळं तासभर समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं, पण एकमेकांकडे बघत. शेजारच्या चंद्राक्कानं तर माझ्या गालांवरून हात फिरवला आणि पदर डोळ्याला लावला. "आई असती तर अशी दशा झाली असती व्हय रं लेकरा?" असं म्हणत घरातून डबा घेऊन आली. गच्च भरलेला, शेंगदाण्याच्या लाडवांचा, हातात धरवत नव्हता इतका जड. "कुनाला देऊ नगंस. तूच खा."

परतीच्या गाडीत डबा माझ्या मांडीवर होता. तात्या खिडकीबाहेर बघत होते.

"एकच खा," ते म्हणाले. "तिचं मन मोडू नगं."

मी एक खाल्ला. थोड्या वेळानं तात्या म्हणाले, "कसा झालाय बघू." मग त्यांनी एक खाल्ला. मग गूळ जरा जास्त पडलाय का, यावर आमच्यात मतभेद झाले आणि खात्री करून घेणं भाग पडलं.

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा तो डबा मी एका बोटाला अडकवून चाललो होतो. त्या आठवड्यात आमच्या घरात वजन उतरलं ते तेवढंच.