कॉस्टिकनं भिजलेली साडी

भवानी पेठेतल्या सूत रंगवायच्या कारखान्यात मी आणि माझी सून एकत्र कामाला होतो. एकदा विरघळवलेल्या कॉस्टिक सोड्याचं पिंप कलंडलं आणि सुनेची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. कॉस्टिक कातडी खातं. मी नळाची नळी ओढून तिच्या पायांवर पाणी सोडलं आणि म्हटलं, "साडी फेड."

"आत्याबाई, समोर बापे हायत की!" ती रडत होती, तरी निऱ्या सोडेना.

"बापे घटकाभर बघतील. पाय गेले तर जन्मभर बघत बसशील," म्हटलं आणि मीच साडी ओढून काढली. परकरही काढला. बाकीच्या बायकांनी वाळत घातलेल्या चादरी ओढून तिच्याभोवती आडोसा धरला. मुकादम खोबरेलाची बाटली घेऊन धावत आला. त्याला म्हटलं, "ते तुमच्या टकलाला लावा. हितं पाणीच पायजे."

दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी नळी हलवली नाही.

एका घोट्यावर डाग राहिला, बाकी पाय धड राहिले. चारचौघांत साडी ओढली म्हणून सून महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी समजूत काढायला गेले नाही. ती दोन्ही पायांवर उभी राहून भाकरी थापत होती, तेवढं मला पुरे होतं.