सीमेवरचा कावळा

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाला माणूस. बग पुन्हा करून दाखवा, नाहीतर तो बगच नाही, असं म्हणत मी वीस वर्षं पगार घेतलाय. उतारा, करणी, अंगात येणं — कुणी विषय काढला की मी चहा टाकायला उठतो. त्यामुळे मंडळाच्या अंकात हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण लिहितो.

२०१६ साल. मी ऑकलंडच्या अल्बनी भागात राहायचो, अजूनही राहतो. माझा मित्र हेमंत पलीकडच्या गल्लीत. तो पेनरोजला एका फॅक्टरीत मेंटेनन्स इंजिनिअर. त्याचे वडील, नाना, कराडहून सहा महिन्यांसाठी आले आणि इथेच आजारी पडले. पोटाचा कॅन्सर. हेमंतच्या शिफ्ट विचित्र, म्हणून दर गुरुवारी दुपारी हॉस्पिटलात नानांजवळ मी बसायचो.

अशाच एका गुरुवारी नाना म्हणाले, "प्रदीप, हेमंतला म्हणावं मला कराडला ने. इथं नको."

"तुम्हीच सांगा की नाना."

"त्यानं एवढं केलंय माझं. मी कुठल्या तोंडानं सांगू? तू सांग."

आपल्याकडे बाप-लेक असेच बोलतात, मध्ये तिसरा माणूस घेऊन. विमानाने न्यायचं तर हे दोनच आठवडे आहेत, असं डॉक्टर हेमंतसमोर आणि माझ्यासमोर बोलले होते. हेमंत तेव्हा हसून म्हणाला होता, नाना बरे होऊनच जातील. तर मी नानांना हो म्हटलं... आणि हेमंतला सांगितलं नाही. तो नव्या औषधाच्या आशेवर होता, "नानांना हीप्स बेटर वाटतंय" (हीप्स म्हणजे इकडे खूप) असे मेसेज सगळ्यांना पाठवत होता. मला वाटलं, पेशंट असं बोलतातच. रविवारी सांगू, मग पुढच्या रविवारी सांगू. तीन आठवड्यांत नाना गेले.

दहाव्याला पंचाईत झाली. ऑकलंडात कावळा आणायचा कुठून? बीचवर पिंड ठेवला तर सीगलची झुंबड उडाली. कुणीतरी विचारलं, काळापांढरा मॅगपाय पक्षी चालेल का? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून दिला, तो पिंडाला लावला आणि आम्ही परतलो. गाडीत हेमंत म्हणाला, "हे काही खरं नाही, पद्या. त्यांचं काहीतरी राहिलंय." मी रेडिओ लावला.

सप्टेंबरात आमची दोघांची ट्रिप आधीच ठरलेली होती. इटली आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवर एक आठवडा. तिथला नदीवरचा दगडी रेल्वेपूल बघायचं हेमंतचं कॉलेजपासूनचं वेड. तो नको म्हणत होता, स्मितावहिनींनीच बळेबळे पाठवला. "घरात नुसता भिंतीकडे बघत बसतो," त्या मला म्हणाल्या. "जरा माणसात आणा त्याला."

नोवा गोरित्सा नावाच्या गावात आम्ही फ्लॅट घेतला होता. पहिल्याच सकाळी हेमंत बाल्कनीतून आत आला तो चेहरा उजळूनच. "पद्या, कावळे आहेत."

होते खरे. अंगाने राखाडी, डोकं आणि पंख काळे, जवळजवळ आपल्याकडच्यासारखे. हेमंतने बॅगेतून काळ्या तिळांची पुडी काढली. ही तो घरूनच घेऊन आला होता, म्हणजे बघा. भात शिजवला, गोळा केला, तीळ घातले, कागदी प्लेटमध्ये बाल्कनीत ठेवला. दोन कावळे कठड्यावर बसले. अर्धा तास बसले. शिवले नाहीत. मी म्हटलं, "अरे, तांदूळ त्यांच्या ओळखीचा नसेल." मग त्याच कठड्यावर पावाचा तुकडा ठेवून पाहिला. तो लगेच उचलला. नंतर भाताचा चमचाभर ढीग बाजूला काढून ठेवला, बिनतिळाचा, नानांचं नाव न घेता. तोही खाल्ला. फक्त पिंड तसाच राहिला.

चौथ्या दिवशी नदीकाठी तेच. हेमंत हात जोडून एकेक कबूल करत होता. कराडचं घर विकणार नाही. आत्याला अंतर देणार नाही. धाकट्या भावाशी भांडण मिटवीन. कावळा समोरच्या दगडावर बसून ऐकत होता, आणि ऐकून उडून गेला. पूल बघितला तेव्हा हेमंतने फोटोसुद्धा काढला नाही. मला म्हणाला, "मी काय चुकलो रे? तू बसायचास ना त्यांच्याजवळ. काही बोलले होते का?"

"नाही रे," मी म्हटलं.

सहाव्या दिवशी, दुपारी, स्टेशनसमोरच्या चौकात. तिथे जमिनीतच सीमेची खूण आहे, एक पाय या देशात, एक त्या देशात. लोक हसत फोटो काढत होते. हेमंतने बाकाशेजारी प्लेट ठेवली. "हे शेवटचं," म्हणाला. एकच कावळा आला. चार हातांवर थांबला.

मी मनातल्या मनात म्हटलं — नाना, चुकलं माझं, मी सांगितलं नाही त्याला. कावळा दोन उड्या मारून पुढे आला. आणि थांबला. मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला. हेमंतकडे नाही, माझ्याकडे.

मग मी मोठ्याने बोललो. "हेमंत, नानांना कराडला जायचं होतं. तुला सांग म्हणाले होते. डॉक्टर म्हणाले त्याच आठवड्यात. मी सांगितलं नाही."

वाक्य संपलं आणि कावळ्याने पिंडात चोच घातली. एकदा नाही, पोटभर खाल्लं. हेमंत ते सगळं होईपर्यंत बघत होता. मग त्याने प्लेट उचलली, कचऱ्यात टाकली आणि म्हणाला, "चल."

परतीच्या प्रवासात तो माझ्याशी नीट बोलला. खाल्लंस का, पासपोर्ट घेतलास का, एवढंच. ऑकलंडला उतरल्यावर मात्र त्याने माझं घर टाळलं. वर्षाच्या आत ते लोक ख्राइस्टचर्चला गेले.

कावळ्याच्या वागण्याला योगायोग म्हणून पाहिलं. सहा दिवसांना तो पुरत नाही.

जाण्याआधी हेमंतने एकदाच फोन केला. "नाना काय म्हणाले, शब्दन् शब्द सांग." मी सांगितलं. मग त्याने विचारलं, "रडले होते का?"

"नाही," मी म्हटलं.

माझा हात धरून नाना लहान मुलासारखे रडले होते. हेमंत हा अंक वाचतो की नाही, मला माहीत नाही.