न दिसणारा थर

डोळ्याला दिसायचं नाही, पण वीज वाहून न्यायची, असा थर काचेवर चढवायचा, हे माझं काम. थर जाड केला की वीज धावते, पण काच पिवळट पडते. पातळ केला की काच स्वच्छ आणि वीज अडून बसते. डीमन या छोट्या डच गावाहून रोज ट्रेनने लॅबला जायचं आणि हे रडगाणं ऐकायचं, याचा मला मनापासून वीट आला होता.

माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. थर जमला तर ते वाढणार, नाहीतर आम्ही पुण्याला परत. नवरा माझ्या परमिटवर इथे आलेला. त्याने घरून सुरू केलेल्या डब्यांचा चांगला जम बसला होता, त्यामुळे त्याला राहायचं होतं. मला जायचं होतं. हे फक्त बाबांना माहीत होतं. आई गेल्यापासून ते पुण्यात एकटेच. दर रविवारी फोनवर विचारायचे, "जमलं का गं?" मी नाही म्हटलं की "होईल, होईल," म्हणायचे, पण आवाजातली खुशी काही लपायची नाही. आमच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून घेतली होती.

मुद्दाम बिघडवावं असं मनात येऊन गेलं. पण हाताला चांगलं काम करायची सवय, त्याला काय करणार?

काच किती पारदर्शक आहे ते मोजायला लॅबमध्ये मशीन आहे. त्याआधी मी ती मराठी कॅलेंडरच्या पानावर ठेवते. चौकटीतली बारीक अक्षरं वाचता आली तरच पुढे जायचं. माझा डच बॉस याला हसतो. त्या दिवशी काचेतून संकष्टीची चंद्रोदयाची वेळ लख्ख दिसली. मग दोन्ही कडांना तारा जोडल्या. काच हळूहळू कोमट झाली, म्हणजे वीज धावत होती.

इथे ज्याचं काही चांगलं होतं, त्यानेच सगळ्यांना केक आणायचा असतो. अडकले मी, आणि केकही मीच नेला. नवऱ्याने शिरा केला, दोनदा मिठी मारली. त्याच्या आनंदाचा मला राग आला आणि रागाची लाज वाटली.

रविवारी बाबांनी नेहमीसारखं विचारलं.

"जमलं, बाबा."

"अरे वा," ते म्हणाले. "बरं, शेजारचे एका विद्यार्थ्यासाठी खोली विचारत होते. त्यांना हो म्हणून टाकतो."