ऊना हेशन जिवंत आहे

गुरांच्या लिलावात मुरलेल्या फिन्टन लूबीने आयर्लंडमधल्या बॅलिनरोब गावी चित्रांचा लिलाव पुकारताना चित्रकार ऊना हेशनला बेधडक ‘कैलासवासी’ करून टाकलं. बोली भराभर नऊशे युरोंवर गेली. तेवढ्यात मागून ऊना उठली.

"मेल्या, मी जिवंत आहे!"

"बाई, दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर हजार झाले असते!"

"मेलेलीच्या दराने नको विकूस. पहिल्यापासून पुकार."

त्याने पुन्हा पुकारलं. सगळे छताकडे बघू लागले. ऊना उभीच राहिली. शेवटी मेंढपाळ पॅकीने चारशेला हात वर केला.

"चित्रातला बांध माझाय," तो म्हणाला.

फिन्टन ओशाळला. "तुला मी मारलं, तेव्हा मयताला पाजतात ती व्हिस्की माझ्याकडे लागली."

तो अजूनही प्रत्येक लिलावानंतर पेला पुढे करतो. ऊना म्हणते, "राहू दे उधार. अजून चित्रं काढायचीत."