उपरण्याखालचे पाच आठवडे

अकोला स्टेशनवर मुंबईची गाडी यायला अवकाश होता. बाबांनी माझ्या नव्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि कापड चोळून पाहिलं. ते कापसाच्या बाजारातले दलाल. हाताला जे लागेल त्याच्यावरच त्यांचा विश्वास. माय लाडवांचा डबा माझ्या पिशवीत एकदा उभा, एकदा आडवा ठेवत होती. "थंडीत कान झाकजो," एवढंच ती म्हणाली. बाबा गाडी हलल्यावर बोलले. "हात घातल्याशिवाय माल घेऊ नको. अन् एकदा हात देल्ला, का मंग मांगं घेऊ नको."

आपल्या गावकऱ्यांपैकी जे अकोल्यातच राहिले त्यांना हे सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्या मुलांसाठी लिहितो. कापसाच्या गाडीत वरचा थर नेहमीच पांढराशुभ्र असतो. ओला, किडका माल खाली असतो, म्हणून कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस ओढून पाहायचा. मग उपरण्याखाली हातात हात घालायचा. बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच तो तोडायचा, आणि भोवतालच्यांना कळू द्यायचं नाही. हात सुटले की सौदा झाला. कागद नाही, सही नाही.

एवढ्या शिदोरीवर मी एकोणीसशे साठच्या आसपास अमेरिकेला मातीचं रसायनशास्त्र शिकायला गेलो. शिष्यवृत्ती, बोटीचं तिकीट, राहायची खोली, सगळं घासाघीस करून मिळवलं. मला कोणी काही दिलं नाही. शिक्षण झाल्यावर एका प्रयोगशाळेत चिकटलो. तिथल्या प्राध्यापकांना मंगळाचा ध्यास होता.

पृथ्वीच्या दक्षिण टोकाच्या त्या गोठलेल्या खंडावर काही खोरी अशी आहेत की तिथे बर्फसुद्धा टिकत नाही. वारा सगळं शोषून नेतो. उरते थंड, कोरडी, तपकिरी माती. मंगळाची माती साधारण अशीच असणार, असं आमच्या प्राध्यापकांचं म्हणणं. पुढेमागे मंगळावर यंत्र जाईल, तिथल्या मातीत काही जिवंत आहे का ते तपासेल. पण ते तपासणं खरं की खोटं, हे आधी या खोऱ्यांच्या मातीवर पारखून घ्यायला हवं होतं.

ती माती गोठलेल्या डब्यांतून आमच्याकडे येई आणि शीतखोलीत राही. तिथे काम करायला कोणी तयार नसे. मी प्राध्यापकांना म्हणालो, दोन हिवाळे शीतखोली माझ्याकडे. बदल्यात तिसऱ्या वर्षी तुमच्याबरोबर मला त्या खोऱ्यात न्यायचं. त्यांनी हसून हात पुढे केला. मी तो धरला. कागद मागायचं माझ्या मनातही आलं नाही.

दोन हिवाळे मी कान झाकून काढले. अकोल्याच्या उन्हात वाढलेला माणूस, बोटांची कातडी फाटली. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी एक डबा उघडला आणि काय झालं कोण जाणे, उजव्या हाताचा मोजा काढला. मोज्यातून मातीची जात कळत नाही. चिमूटभर माती दोन बोटांत चोळली. बाबांनी कोटाची बाही चोळली होती तशी. ती काचेच्या भुग्यासारखी लागली. मग भानावर आलो, मोजा चढवला, आणि त्याच डब्यातली माती नेहमीसारखी काचेच्या बशीत तपासणीला लावली.

काही दिवसांनी त्या बशीत जंतूंची वाढ दिसली. सगळी प्रयोगशाळा जमली. इतक्या कोरड्या जागी जीव, मग मंगळावर का नाही? प्राध्यापकांनी माझी पाठ थोपटली. त्या वर्षी खोऱ्यात जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव चढलेलं होतं. गप्प बसलो असतो तर खोऱ्यात गेलो असतो.

दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की तो जीव खोऱ्यातला नसणार, माझ्या बोटावरचा असणार. त्यांनी तपासून पाहिलं. तसंच निघालं. ते ओरडले नाहीत. आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी यादीतून माझं नाव काढलं. मी मात्र ओरडलो. दार इतकं जोरात आपटलं की काच गेली. आमच्या बाजारात दलालाने मालातली खोट स्वतः दाखवली तर भाव पडतो, सौदा मोडत नाही. माझे दोन हिवाळे त्यांनी घेतले होते. फार तर भाव पाडायचा होता.

ते सगळे दक्षिणेकडे निघाले आणि मी दोन आठवड्यांची रजा टाकून अकोल्याला आलो. इकडे कापसाचा हंगाम ऐन भरात होता. बाजारात बाबांच्या सोबत्यांनी मला घेरलं.

"काय साहेब, मंगळावर कापूस होते का?"

"होत असता तर तुमी दलाल माह्या आधी पोचले असते," मी म्हणालो.

बाबा हसले नाहीत. ते वाळले होते. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्या हातावर टाकलं आणि खालून माझा हात धरला. "किती आठवडे?" मी त्यांची दोन बोटं दाबली. त्यांनी माझा अख्खा पंजा धरला. पाच. मी तीन बोटं दाबली. पुन्हा पंजा. मी आयुष्यात कोणाला इतक्या लवकर भाव सोडला नसेल. पाच म्हणालो. हात सुटले.

तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांची तार आली. पथकातला एक जण आजारी पडला आहे; पथक न्यूझीलंडहून पुढे निघेल, आठ दिवसांत तिथे पोचत असशील तर जागा तुझी. बाबा ओट्यावर बसले होते.

"कोनाची तार?"

"कामाची."

"मंग?"

"मंग काई नाई."

मी नकार कळवला, पाच आठवडे पुरे राहिलो. बाबांबरोबर रोज बाजारात गेलो, गाड्यांमध्ये हात घातला. त्यांनी तार वाचायला मागितली नाही. परत गेल्यावर प्राध्यापक म्हणाले, जागा दिली होती, सौदा तू मोडलास. पुन्हा त्यांनी मला खोऱ्यात येतोस का असं विचारलं नाही. अजून मी ते विसरलो नाही, आणि अजून माझं उत्तर तेच आहे: मी मोडला नाही. त्या तारेच्या आधी माझा एक सौदा होऊन गेला होता.

बाबा पुढल्या उन्हाळ्यात गेले. ते खोरं मी कधी पाहिलं नाही. इथे अमेरिकेत आता थकलोय. कोणाशीही व्यवहार करायचा तर पानंच्या पानं वाचून सही करतो आणि तरी भांडतो. घर कुठे, असं नातवंडं विचारतात. गावाचं नाव सांगून त्यांना काही कळत नाही. म्हणून खांद्यावरचा टॉवेल काढतो, त्यांच्या हातावर टाकतो आणि खालून त्यांचा अख्खा पंजा धरतो.